ते जाधव, हे जाधव



आंबेजोगाईला आलेला पाहुणा आधी योगेश्वरीचं दर्शन घेतो. मग मुकुंदराजांच्या समाधीकडे जातो, दासोपंतांची पासोडी पाहतो आणि वेळ उरलाच तर बाराखांबीला येतो. बाराखांबी म्हणजे सकलेश्वराचं देऊळ. देऊळ मोडलं, खांब राहिले, म्हणून लोकांनी त्याचं नाव बाराखांबी ठेवलं. तीसेक वर्षांपूर्वी मी शाळेत इतिहास शिकवत होतो. आठवीचा वर्ग घेऊन एका दुपारी मी तिथे गेलो होतो. खांबांच्या सावलीत मुलांना बसवलं आणि नेहमीच्या उत्साहानं सांगू लागलो, ‘पोरांनो, हे देऊळ देवगिरीच्या यादवांच्या काळातलं. आणि यादव म्हणजे कोण? तर आपले जाधव!’

मागच्या रांगेतला एक मुलगा उठून उभा राहिला. त्याचं आडनाव जाधव. आईवडील ऊसतोडीला जाणारे, घर तांड्यावर. त्यानं विचारलं, ‘सर, मंग हे देऊळ आमचंय का?’

मी काही बोलायच्या आत शेजारचा मुलगा म्हणाला, ‘तू तांड्यावरला जाधव. ते जाधव येगळे.’ सगळा वर्ग हसला. आणि मी, इतिहासाचा शिक्षक, म्हणालो, ‘हो, ते जाधव वेगळे.’ मुलगा खाली बसला. दिवाळीनंतर तो आईवडिलांबरोबर कारखान्याच्या फडावर गेला. पुढच्या जूनमध्ये शाळेत परत आला. पण तो विषय त्यानंही पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही.

मी चूक बोललो होतो का? की बरोबर बोललो होतो, पण कशाच्या आधारावर बोललो ते मलाच ठाऊक नव्हतं? या प्रश्नानं मला पुढे बरीच वर्षं पुस्तकांकडे आणि शिलालेखांकडे ओढत नेलं. त्या शोधात जे हाती लागलं ते आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

सुरुवात शब्दापासूनच करू. यादव या शब्दाचा जाधव कसा झाला? याचं उत्तर आंबेजोगाईच्या नावातच आहे. देवीचं संस्कृत नाव योगेश्वरी, लोकांच्या तोंडी जोगाई. शब्दाच्या सुरुवातीचा ‘य’ प्राकृतातून मराठीत येताना ‘ज’ होतो. यात्रेची जत्रा होते, योग्याचा जोगी होतो, युगाचं जुग होतं, यज्ञोपवीताचं जानवं होतं. त्याच वाटेनं यादवाचा आधी जादव होतो. गुजरातेत आजही जादव असंच म्हणतात. आपल्याकडे ‘द’चा ‘ध’ झाला आणि जाधव रूढ झालं. तेव्हा शब्दापुरतं पाहिलं तर जाधव म्हणजे यादव, यात शंका नाही. ज्यानं योगेश्वरीची जोगाई केली त्याच बोलीनं यादवाचा जाधव केला.

पण शब्दाचं कूळ एक आणि माणसाचं कूळ दुसरं. घोटाळा होतो तो इथेच.

आता देवगिरीच्या यादवांकडे वळू. हे लोक स्वतःला कोण म्हणवून घेत? त्यांच्या ताम्रपटांत आणि शिलालेखांत एक बिरुद वारंवार येतं, ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’. म्हणजे द्वारका या श्रेष्ठ नगरीचे स्वामी. त्यांच्या ध्वजावर गरुड होता. आपण श्रीकृष्णाच्या यदुकुळातले असं ते सांगत. हेमाद्री पंडित, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो, त्यानं आपल्या ‘व्रतखंडा’च्या प्रारंभी या राजांची वंशावळ दिली आहे. ती पुराणातल्या चंद्रापासून सुरू होते आणि थेट आपल्या आश्रयदात्या महादेवरायापर्यंत येते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८८४ साली दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला, तेव्हा याच प्रशस्तीचा त्यांना मोठा उपयोग झाला.

मात्र भांडारकरांसारख्या अभ्यासकांनी ही वंशावळ वाचताना मध्ये एक रेघ ओढली. रेघेच्या वर पुराण आणि रेघेच्या खाली इतिहास. इतिहासाच्या बाजूला पहिलं नाव येतं ते दृढप्रहार याचं. हा नवव्या शतकातला. त्याचं गाव चंद्रादित्यपूर, म्हणजे नाशिक जिल्ह्यातलं चांदवड, असं मानतात. त्याचा मुलगा सेउणचंद्र. त्याच्या नावावरून त्या मुलखाला सेउणदेश म्हणू लागले आणि राजघराण्यालाही सेउण हे नाव मिळालं. सेउणचंद्रानंतरच्या भिल्लम नावाच्या एका राजाचा संगमनेरचा ताम्रपट आहे, शके ९२२चा, म्हणजे इसवी सन १०००चा. सुरुवातीला हे आधी राष्ट्रकूटांचे आणि मग कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. चालुक्यांची सत्ता ढिली पडली, तेव्हा पाचवा भिल्लम ११८७च्या सुमारास स्वतंत्र झाला आणि देवगिरी ही राजधानी झाली.

म्हणजे आपण ज्यांना प्रतापी चक्रवर्ती म्हणून ओळखतो, त्यांचा मूळ पुरुष हा नाशिककडचा एक लहानसा ठाणेदार होता. त्यात कमीपणा काही नाही. पण घराणं मोठं झालं की त्याला मूळही मोठं लागतं. यदुवंशाचा दावा त्या काळी एकट्या देवगिरीचा नव्हता. कर्नाटकातले होयसळही स्वतःला यादव म्हणवत आणि द्वारावतीचं तेच बिरुद मिरवत. देवगिरीचे यादव आणि होयसळ एकमेकांशी पिढ्यान्‌पिढ्या लढले आणि दोघेही एकाच कृष्णाचे वंशज म्हणून लढले. त्याआधी राष्ट्रकूटांनीही यदूचंच नाव सांगितलं होतं. देवगिरीकरांचे शिलालेख कन्नडमध्ये मोठ्या संख्येनं आहेत, संस्कृतात आहेत आणि मराठीतही आहेत. त्यामुळे हे घराणं मूळचं कानडी की मराठी, यावरही पंडितांचे वाद झाले. दरबारात ज्या भाषा चालत त्या सगळ्यांत ते लेख कोरून घेत होते, एवढं खरं.

आता पुन्हा बाराखांबीला येऊ. हे देऊळ शके ११५०चं, म्हणजे १२२८चं. गादीवर होता सिंघण, यादवांचा सर्वांत बलाढ्य राजा. देऊळ बांधलं ते त्याच्या खोलेश्वर नावाच्या सेनापतीनं. जाता जाता एक गोष्ट सांगतो. दगडी देऊळ दिसलं की आपण त्याला हेमाडपंती म्हणतो. पण हेमाद्रीचा अधिकाराचा काळ महादेव आणि रामचंद्र या राजांचा, म्हणजे १२६०च्या पुढचा. बाराखांबी त्याच्या किमान तीस वर्षं आधी उभी होती. लोकांच्या तोंडी एक नाव बसलं की ते आधीच्या-नंतरच्या सगळ्यांना लागू होतं. हे देवळांचं झालं, तसंच आडनावांचंही होतं.

आंबेजोगाईचे यादवकालीन लेख ग. ह. खरे यांनी वाचून प्रसिद्ध केले. त्यातला एक लेख मला फार जवळचा वाटतो. तो शके ११६२चा, म्हणजे १२४०चा. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत रणांगणावर पडला. त्याच्या मागे त्याची बहीण लक्ष्मी उभी राहिली. तिनं भावाच्या स्मरणार्थ रामनारायणाचं देऊळ बांधलं. आठशे वर्षांपूर्वीची ही बहीण आज आपल्याला माहीत आहे ती या दगडामुळे.

मी तो मजकूर पहिल्यांदा वाचला, तेव्हा खोलेश्वराचं आडनाव काय असावं म्हणून शोधू लागलो. आडनाव नाहीच! तो मुद्गल गोत्राचा ब्राह्मण, त्रिविक्रमाचा मुलगा, सिंघणाचा सेनापती. बाप सांगितला, गोत्र सांगितलं, हुद्दा सांगितला की ओळख पुरी झाली. खुद्द राजाच्या नावापुढेही जाधव किंवा यादव असं आडनाव येत नाही. तो सिंघणदेव, रामचंद्रदेव. यादव हे त्याच्या कुळाचं नाव आहे, आजच्या अर्थानं आडनाव नाही. आज शाळेच्या हजेरीपटावर आपण जे आडनाव लिहितो, सातबारावर लिहितो, तशी सोय त्या काळी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. ती गरज पुढे वतनामुळे आली. पाटीलकी कोणाची, कुलकर्ण कोणाचं, देशमुखी कोणाची, यावर तंटे होऊ लागले. बापाचा हक्क मुलाला मिळायचा तर घराण्याला कायमचं नाव हवं. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चिटणीस, फडणीस ही मूळची कामांची नावं. कामं गेली आणि नावं तेवढी राहिली.

हे आपल्याकडेच झालं असं नाही. स्कॉटलंडच्या राजघराण्याचं नाव आपण इतिहासात वाचतो, स्ट्यूअर्ट. बाराव्या शतकात वॉल्टर नावाचा एक सरदार स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड याच्या दरबारी आला. राजानं त्याला स्ट्यूअर्ड केलं, म्हणजे राजवाड्याचा मुख्य कारभारी केलं. ते काम घराण्यात वंशपरंपरेनं चाललं आणि कामाचंच आडनाव झालं. १३७१ साली या घराण्यातला पुरुष दुसरा रॉबर्ट म्हणून स्कॉटलंडच्या गादीवर बसला. म्हणजे एका फडणिसाचा वंशज राजा झाला म्हणायचं! मग राजाला शोभेल असा मूळ पुरुष नको का? सोळाव्या शतकात हेक्टर बोईस या इतिहासलेखकानं त्यांना बँको नावाचा एक जुना स्कॉटिश सरदार पूर्वज म्हणून दिला. शेक्सपिअरनं ‘मॅकबेथ’ नाटक लिहिलं, तेव्हा स्ट्यूअर्ट घराण्यातला राजा जेम्स इंग्लंडच्या गादीवर होता. नाटकात तो बँको आला आणि जगभर खरा झाला. पुढे संशोधकांनी जुनी दानपत्रं तपासली. बँको हा कल्पनेतला ठरला. घराण्याचं खरं मूळ निघालं ते समुद्रापलीकडच्या ब्रिटनीमधल्या डोल या गावी. तिथेही हे लोक धर्मपीठाच्या अधिपतीचे कारभारीच होते! राजांचं मूळ शोधायला गेलेल्यांना हिशेबाच्या वह्या सांभाळणारी माणसं सापडली.

मला वाटतं, आपल्या दृढप्रहाराची गोष्ट याहून फार वेगळी नाही.

आता जाधवांकडे येऊ. यादवांचं राज्य कसं बुडालं ते आपण शाळेत शिकलो. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. त्याच्या सहाच वर्षं आधी, १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली होती आणि तिच्या अखेरीस रामचंद्र राजाचा उल्लेख आहे. पुढे रामचंद्र गेला, त्याचा मुलगा शंकरदेव मारला गेला आणि १३१८च्या सुमारास रामचंद्राचा जावई हरपालदेव यालाही ठार मारण्यात आलं. राजघराण्याची कथा इथे थांबते. १३२७ साली महंमद तुघलकानं आपली राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि देवगिरीचं दौलताबाद झालं.

त्यानंतर जाधव हे नाव मोठ्या प्रमाणावर ऐकू येतं ते सिंदखेडला. आजचं बुलढाणा जिल्ह्यातलं सिंदखेड राजा. तिथले लखुजी जाधवराव हे निजामशाहीतले बडे सरदार. सिंदखेडची देशमुखी त्यांच्याकडे होती. जिजाऊ या त्यांच्या कन्या, जन्म १५९८चा. हे जाधवराव घराणं स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानतं आणि ही परंपरा जुनी आहे. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त लखुजींचा उल्लेख यादवराज असा येतो.

आता इतिहासाचा विद्यार्थी काय करतो? तो पिढ्या मोजतो. हरपालदेवाचा मृत्यू १३१८चा. लखुजी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात कर्ते झाले. मध्ये सव्वादोनशे-अडीचशे वर्षं. एका पिढीला २५ ते ३० वर्षं धरली तर मध्ये आठ-नऊ पुरुष हवेत. वंशावळींमध्ये मधली नावं दिलेली आहेत. पण या वंशावळी नंतरच्या काळात लिहिलेल्या आहेत. दृढप्रहाराच्या वंशाला जसे ताम्रपट साक्ष आहेत, तशी त्या-त्या काळाची साक्ष या मधल्या पुरुषांना नाही. परमानंदांचंही तसंच. संस्कृतात काव्य लिहिणारा कवी जाधव या शब्दाचं यादवच करणार. म्हणून सावध इतिहासकार इथे ‘परंपरेनुसार’ असा शब्द घालतात. त्याचा अर्थ परंपरा खोटी असा होत नाही. सिंदखेडचा मुलूख यादवांच्या जुन्या राज्यातलाच आहे, तिथे एखादी शाखा टिकून राहिली असणं अगदी शक्य आहे. शक्य आहे आणि सिद्ध झालं आहे, या दोन वाक्यांत अंतर आहे, एवढंच.

पण एक गोष्ट मात्र पक्की आहे आणि ती वाचताना अंगावर काटा येतो. २५ जुलै १६२९ रोजी निजामशहानं लखुजींना दरबारात बोलावलं आणि तिथेच त्यांना दगा केला. त्यांच्याबरोबर त्यांचे दोन मुलगे आणि एक नातूही मारले गेले. हा दरबार भरला होता दौलताबादच्या किल्ल्यात, म्हणजे देवगिरीवर. ज्या किल्ल्याच्या स्वामींचे वंशज म्हणून हे घराणं ओळखलं जातं, त्याच किल्ल्यात त्यांचा अंत झाला. त्यांची भव्य समाधी सिंदखेड राजाला आहे. पुढे याच घराण्यातला धनाजी जाधव मराठ्यांचा सेनापती झाला.

हे झाले ‘ते जाधव’. आता ‘हे जाधव’, माझ्या मागच्या रांगेतल्या मुलाचे.

बंजारा समाजात मुख्य कुळं सांगतात ती राठोड, पवार, चव्हाण आणि वडतिया. वडतिया कुळातली माणसं कागदोपत्री जाधव असं आडनाव लावतात. बंजारा म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणारा व्यापारी समाज. त्यांच्या परंपरेत एक हकिगत आहे. १६३०च्या सुमारास शहाजहान बादशहाचा वजीर असफखान दख्खनच्या स्वारीवर आला, तेव्हा त्याच्या फौजेला धान्य पुरवायला बंजारा नायक आपले तांडे घेऊन आले. त्यांतला एक नायक भगवानदास वडतिया. त्याच्याकडे ५२,००० बैल होते असं सांगतात. आकडा परंपरेतला आहे, तो तसाच घ्यावा. पण दख्खनच्या मोहिमा बंजाऱ्यांच्या बैलांवर चालत होत्या, हे त्या काळच्या लढायांची माहिती असणारा कोणीही मान्य करील.

तारखा जरा शेजारी शेजारी ठेवून पाहा. १६२९ साली एक जाधव देवगिरीच्या किल्ल्यात मारला जातो. लगेच पुढच्या काळात, दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडलेला असताना, ज्यांचे वंशज आज जाधव म्हणवतात ते नायक याच मुलखात धान्याचे बैल हाकत असतात. १६३३ साली दौलताबाद मोगलांच्या हाती पडतं. ही सगळी एकाच इतिहासाची माणसं आहेत. पुढे रेल्वे आली, गाड्या आल्या, बैलांचा व्यापार बुडाला. इंग्रजी अमलात अशा फिरत्या समाजांवर गुन्हेगार जमातींचा शिक्काही मारला गेला. ज्यांच्या पाठबळावर फौजा चालत होत्या, त्यांची नातवंडं-पतवंडं आज बीडहून कोयता घेऊन ऊस तोडायला जातात. आणि माझ्या वर्गात त्यांच्या मुलाला मी सांगितलं, ‘ते जाधव वेगळे.’

जाधव हे आडनाव मराठ्यांत आहे, कुणब्यांत आहे, बौद्ध समाजात आहे, माळ्यांत आहे, बंजाऱ्यांत आहे. याचा अर्थ काय लावायचा? आडनाव अनेक वाटांनी घरात येतं. कधी रक्तानं येतं. कधी ज्या सरदाराची चाकरी केली त्याच्या नावानं येतं. कधी गावावरून, कधी कुळाच्या आठवणीनं येतं, तर कधी शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलं म्हणून येतं. सगळे जाधव एका बापाचे नाहीत. पण कोणता जाधव कोणत्या बापाचा, हे नुसत्या आडनावावरून ठरवायचा अधिकारही कोणाला नाही.

आणि समजा, रक्ताचाच हिशेब करायचा म्हटला, तरी तो करून पाहू. हरपालदेवापासून आजवर सातशे वर्षं झाली. एका पिढीला २८ वर्षं धरली तर २५ पिढ्या होतात. प्रत्येकाला आईबाप दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. असं दुपटीनं मोजत २५व्या पिढीला गेलं तर पूर्वजांच्या जागा होतात ३ कोटी ३५ लाखांच्या वर. अर्थात एकच माणूस अनेक जागांवर पुन्हा पुन्हा येतो, कारण नात्यागोत्यांत लग्नं होतात. पण मुद्दा असा, की आडनाव यातल्या फक्त एका ओळीनं चालतं, बापाच्या बापाच्या बापाच्या. बाकीच्या सगळ्या जागा, सगळ्या आया आणि आयांच्या आया, आडनावात दिसतच नाहीत. जिजाऊ जाधवांच्या लेक होत्या. शिवछत्रपतींचं आडनाव मात्र भोसले. त्यांच्या अंगी जाधवांचं काहीच नव्हतं असं कोण म्हणेल? खोलेश्वराच्या घरात देऊळ उभं केलं ते लेकीनं. वंशावळ काढायला बसलो तर त्या लक्ष्मीचं नाव फांदीवर येणारही नाही.

माझ्याकडे पुष्कळदा लोक येतात आणि विचारतात, ‘सर, आमच्या घराण्याचं मूळ काढून द्या.’ त्यांना मी सांगतो, वरून खाली येऊ नका, खालून वर जा. यादवांपासून सुरुवात कराल तर वाटेल तिथे पोचाल. आजोबांपासून सुरुवात करा. घरातल्या सर्वांत थोर माणसाला बसवून नावं, गावं, लेकींची सासरं लिहून घ्या. देवक कोणतं, कुलदैवत कोणतं ते विचारा. आंबेजोगाईची योगेश्वरी कितीतरी कोकणस्थ घराण्यांची कुलदेवी आहे. कुठे कोकण आणि कुठे बालाघाटाचा डोंगर, पण दैवत वाट दाखवतं. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या पूर्वजांची नोंद सापडू शकते. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत हेळवी येतात, ते पिढ्या तोंडपाठ सांगतात. बंजाऱ्यांचे ढाडी कुळांची गाणी गातात. बीड जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आपले जुने कागद मोडीत आहेत तसे उर्दूतही आहेत. २०२३ पासून मराठवाड्यात जुन्या नोंदी शोधण्याचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या माणसांना किती मागणी आली ते आपण पाहिलं. घरात एखादं दप्तर माळ्यावर पडलं असेल तर ते रद्दीत घालू नका. आधी कोणा जाणकाराकडून वाचून घ्या.

आणि कागद जिथे संपेल तिथे थांबा. पुढे ‘परंपरेनुसार’ असं लिहा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. बहुतेकांचा कागद चार-पाच पिढ्यांतच संपतो. तो राजाच्या घराण्याचाही कुठेतरी संपतोच, त्यांचा दृढप्रहारापाशी संपला.

आता त्या मुलाचं उत्तर राहिलं. तो आज चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असेल, कदाचित त्याचीच मुलं आठवीत असतील. तू विचारलंस, हे देऊळ आमचं आहे का. त्या दिवशी मी असं सांगायला हवं होतं: बाळा, या देवळावर खोलेश्वराचं नाव आहे आणि तो जाधव नव्हता. राजा यादव होता, पण त्याचा आणि तुझा संबंध आहे की नाही ते मला माहीत नाही. पुढच्या रांगेतल्या जाधवांचा त्याच्याशी संबंध आहे की नाही, तेही मला माहीत नाही. ते वेगळे आणि तू वेगळा, असं म्हणायला माझ्यापाशी कागद नाही. दगड फोडणारे, तो वाहून आणणारे, खांब घडवणारे इथे शेकडो असतील, त्यांची नावं कोणी कोरली नाहीत. तुला हे देऊळ आपलं वाटत असेल तर त्याच्यावरची अक्षरं वाचायला शीक. मी शिकवतो.

एवढंच मला सांगायचं होतं. ते सांगायला मला तीस वर्षं उशीर झाला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)